ठकूबाईंचे घरीं पर्वतराव आले, त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. ज्याणें मुंगीस पाय दिल्हे आणि हत्तीस सोंड दिल्ही, आणि भूक मात्र दोहोंस सारखीच दिल्ही, त्या जगन्नियंत्याचे चरणीं मस्तक ठेवून ही हकीकत लिहिली असे. शके सोळाशें अठ्ठ्याण्णव, दुर्मुख नाम संवत्सर, कार्तिक मास. ते समयीं राज्य सुखरूप होतें, पीकपाणी बरें होतें, शत्रु सरहद्दीपलीकडे स्वस्थ बसला होता. महाराजांचे हत्तीखान्यावर सटवोजी म्हणोन माहूत होता, तो मागले सालीं मस्तीस आलेल्या हत्तीचे पायांखालीं सांपडोन मृत्यु पावला. त्याची बायको ठकूबाई. अंगानें लहान, बोलण्यास करारी, पोटीं संतान नाहीं. सरकारांतून धान्य चालत होतें आणि राहावयास हत्तीखान्यालगतचें घर होतें. परंतु नवरा गेल्यापासून बाईनें मोठ्या जनावराचा ऐसा धसका घेतला कीं, रस्त्यानें बैल येतां दिसला तरी परक्याचे ओसरीवर चढोन उभी राही, आणि हत्तीची घंटा कानीं पडली म्हणजे दार लावोन घेई.

गांवाबाहेर नदीकांठीं निरंजनगीर गोसावी राहत. त्यांणीं टाकलेल्या जनावरांकरितां मोठें आवार घातलें होतें. लंगडीं घोडीं, आंधळीं गुरें, धन्यांनीं हाकून दिल्हेलीं कुत्रीं, ऐशांचा तेथें मुक्काम असे. थंडी पडूं लागली तेव्हां ठकूबाईचे मनांत आलें कीं, सटवोजीचे हत्तीची जुनी झूल घरीं पडून आहे, ती त्या जीवांचे पांघरुणास होईल. म्हणोन झूल डोईवर घेऊन गेली आणि आवाराचे दारांतूनच पुसती जाहली कीं, "बोवा, कोठें ठेवूं?" बोवा घोड्याचे खुरास औषध लावीत होते. त्यांणीं न पाहतांच सांगितलें, "ठेवा त्या कोपऱ्यांत." कोपऱ्यांत राखेचे रंगाचा ढीग होता. बाई जवळ गेली आणि तो ढीग उठूं लागला. आधीं मस्तक उठलें, मग खांदे उठले, मग पाठ उठली, आणि उठणें कांहीं संपेना. वासरू म्हणावें तर शिंगें नाहींत, घोडा म्हणावा तर खूर नाहींत. तोंड बाईचे छातीशीं आलें तेव्हां कळलें कीं हें कुत्रें आहे. बाईस पळावयाचें सुचेना. हात मात्र झुलीसकट वर गेला. आणि तो हात वर जातांच तें प्रचंड जनावर भुईसपाट जाहलें आणि गव्हाणीखालीं शिरूं लागलें. तेथें त्याचें नाक तेवढें मावलें, अवघा देह बाहेर राहिला आणि थरथर कांपूं लागला.

बाई म्हणाली, "बोवा, हें मला भितें काय?" बोवा म्हणाले, "बाई, हें सर्वांस भितें. समुद्रापारचे टोपीकर फिरंग्यांनीं जोत्याजीराव सरदारांस नजराणा दिल्हेलें हें जनावर. सरदारांनीं रानडुकरांशीं झुंजविलें, तें झुंजेना. मग साखळीस बांधोन चाबकानें शौर्य शिकविलें, तरी झुंजेना. मग पाय मोडला, तेव्हां ओढ्यांत टाकोन दिल्हें. मी गाडींत घालून आणिलें आणि पाय जुळविला." सारें साल आपणच भीत होतों, आपणासही कोणी भिईल हें तिचे स्वप्नींही नव्हतें. झूल हळूच त्या देहावर घातली, आणि चार हात दूर बसली, आणि सांज होण्याआधीं घरीं गेली. दुसरे दिवशीं भाकरी घेऊन आली. तिसरे दिवशींही आली. ऐसें करितां करितां एके दिवशीं त्या जनावरानें उठोन, येऊन, आपलें अंग बाईचे अंगास टेकिलें. प्रीत दाखवावयाची त्याची रीतच ती. बाई कोलमडून गवतांत पडली, आणि नवरा गेल्यावर प्रथमच मोठ्यानें हंसली.

मग बाईनें जनावर मागितलें. परंतु निरंजनगीर सहज देणारे नव्हते. म्हणाले, "घरास कुंपण आहे काय?" बाई म्हणाली, "आहे." "तें उभें राहिलें म्हणजे कुंपणावरून पाहील." "पाहूं द्या. जग पाहावयाचेंच आहे." "खाऊं काय घालाल?" "मी खाईन तें, आणि माझ्याहून अधिक." मग बोवा म्हणाले, "हीं अंगानें थोर जनावरें फार वर्षें जगत नाहींत, बाई. जीव लावाल आणि लवकर रडाल." ठकूबाई म्हणाली, "रडावयाची मला संवय आहे. जीव लावावयाची मोडली होती." तेव्हां बोवा स्वतां येऊन घर पाहून गेले, विहिरीस कठडा घालावयास सांगितलें, आणि कठडा जाहल्यावर जनावर आणोन पोंचविलें. बाईनें नांव पर्वत ठेविलें, आणि गांवानें आदरानें पर्वतराव केलें.

पर्वतरावांचे वास्तव्याचें काय वर्णावें. शिंक्यावरचें लोणी उडी न मारितां, जमिनीवर चारही पाय ठेवून, स्वस्थ चित्तानें चाटीत. पाणी पिऊन आले म्हणजे ओसरी सारवावी लागे. चुलीपुढें निजले म्हणजे बाईनें त्यांजवरून ओलांडून जावें. केरसुणी दिसतां भिऊन कोपरा धरीत, म्हणोन बाईनें केरसुणी शेजारीं देऊन टाकिली आणि फडक्यानें घर झाडूं लागली. दोघें बाजारांत निघालीं म्हणजे लोक वाट देऊन उभे राहत, आयाबाया लेंकरांस कडेवर उचलोन दाखवीत, आणि पर्वतराव सर्वांस भीतभीत, बाईचे पदराआड लपूं पाहत. पदराआड कान तेवढा लपे. एके दिवशीं बाईचे ध्यानांत आलें कीं, त्यांस धीर देतां देतां आपण हत्तीखान्यापुढून चालत आलों, हत्ती उभा होता, आणि आपण दचकलों नाहीं. घरीं येऊन तिणें पर्वतरावांचे मस्तकास कपाळ लाविलें.

हा लौकिक जोत्याजीरावांचे कानीं गेला. त्याच समयीं टोपीकरांचा वकील दरबारीं येणार ऐसी वार्ता होती, आणि आपण दिल्हेला नजराणा कोठें आहे ऐसें तो पुसेल, ही सरदारांस धास्ती. म्हणोन त्यांणीं हुजूर अर्ज केला कीं, "जनावर आमचें आहे, माहुताचे बायकोनें दाबून ठेविलें आहे." महाराजांनीं उभयतांस जनावरासह बोलाविलें. निरंजनगीर बोवांनीं येऊन साक्ष दिल्ही कीं, ओढ्यांतून आपण उचलिलें. सरदार म्हणाले, "नोकरांनीं चुकोन टाकिलें." तेव्हां महाराज म्हणाले, "मनुष्यांचें ऐकिलें. आतां जनावर मोकळें सोडा. ज्याकडे जाईल त्याचें."

दोरी सोडिली. ठकूबाईनें हांक मारिली नाहीं. जोत्याजीराव मात्र गरजले, "इकडे ये!" आणि पर्वतराव गेले. बाईकडे न पाहतां, पोट जाजमास घांशीत, मान मोडून, सरदारांचे पायांशीं जाऊन पडले. सरदार हंसले आणि म्हणाले, "निकाल जाहला, महाराज." दरबारांत कुजबुज उठली. परंतु महाराज जाजमाकडे पाहत होते. पर्वतराव जेथून सरपटत गेले तेथें जाजम भयानें ओलें जाहलें होतें.

मग खासा महाराज गादीवरून उतरले आणि म्हणाले, "जोत्याजीराव, हात वर करा." सरदारांनीं हात वर केला. जनावरानें डोळे मिटले आणि तोंड पंज्यांत घातलें. महाराज म्हणाले, "बाई, आतां तुम्ही जवळ जा आणि तैसाच हात उचला." ठकूबाई पुढें गेली, आणि उभी राहिली, आणि हात जोडोन म्हणाली, "महाराज, मी उचलणार नाहीं." भालदार दचकले. राजाज्ञा मोडली ऐसें त्या सभेंत कोणी पाहिलें नव्हतें. महाराज म्हणाले, "कां?" बाई म्हणाली, "आपण परीक्षा पाहावयास उचलवितां, हें मला कळतें. त्यास कसें कळावें?"

महाराज त्या लहानशा बाईकडे आणि त्या पहाडाएवढ्या देहाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हें येणें नव्हे, सरदार. हें शरण जाणें आहे. जनावर बाईचें." आणि बाईस म्हणाले, "घेऊन जा." ठकूबाई म्हणाली, "महाराज, आतां त्याच्यानें उठवणार नाहीं. थोडें थांबावें लागेल." आणि ती सरदारांचे पायांशींच जाजमावर बसली. हात लाविला नाहीं, हांक मारिली नाहीं, शेजारीं बसली मात्र. तेव्हां महाराजांनीं हुकूम केला कीं, "जनावर उठेपर्यंत कोणी उठूं नये, कोणी बोलूं नये." आणि आपणही गादीवर जाऊन बसले. मानकरी बसले, शास्त्री बसले, चोपदारांनीं काठ्या खालीं ठेविल्या, जोत्याजीराव मान खालीं घालून बसले. ऊन एका खांबावरून दुसऱ्या खांबावर गेलें. मग पर्वतरावांनीं एक डोळा उघडिला. मग मस्तक उचलिलें. मग खांदे, मग पाठ, आणि अवघा दरबार श्वास धरोन तें उठणें पाहत राहिला. उठोन त्यांणीं आपला सारा भार बाईचे अंगावर टेकिला. यावेळीं बाई पडली नाहीं.

पुढें जोत्याजीरावांकडील शिकारखाना सरकारजमा जाहला आणि निरंजनगीरांचे आवारास कुरण मिळालें. पर्वतराव ठकूबाईंपाशीं थोडींच वर्षें राहिले. थोर देहास आयुष्य थोडें. बाई रडली, आणि महिना गेला नाहीं तों पुन्हां नदीकांठीं जाऊन, "कोणी न नेलेलें असेल तें द्या," ऐसें मागती जाहली.

इतकें वर्तमान जाहलें. या राज्यांत लढाया बहुत जाहल्या, किल्ले आले आणि गेले. परंतु एका भ्यालेल्या जिवास उठवेपर्यंत राजा आणि त्याचे सरदार उगे बसोन राहिले, ऐसा दिवस एकच जाहला. तो विसरूं नये म्हणोन लिहिलें. लेखनसीमा.