तत्त्वतः एंटर

घाईघाईने ‘हो’ म्हणणाऱ्या माणसांची लग्ने होतात आणि घाईघाईने ‘हो’ म्हणणाऱ्या कार्यालयांची चौकशी होते, हे सर्वमान्य आहे. दिल्लीतील केंद्रीय बदली समन्वय कक्षाची आजवर एकदाही चौकशी झालेली नाही, यावरून काय ते समजावे.

या कक्षाचे उपनिदेशक श्यामकांत बोडस यांना पुण्याला बदली हवी होती. हवी म्हणजे काय, जीव टांगणीला लागला होता. मुलगी सृष्टी पुण्यात कॉलेजला, आई तिथेच एकटी आणि थकलेली. इकडे लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये पत्नी अहिल्याबाईंनी बदलीची नुसती कुणकुण लागताच निम्मी भांडी खोक्यांत भरून वर सुतळी आवळली होती. कुकर सगळ्यांत खालच्या खोक्यात गेला. तेव्हापासून बोडसांकडे एका पातेल्यात जे शिजू शकते तेवढेच शिजत होते, म्हणजे खिचडी. बदली मंजूर होती. फक्त आदेश छापायचा राहिला होता. (सरकारात ‘फक्त’ हे अंतराचे माप आहे.)

आदेश छापणारा प्रोग्राम ‘एल्बा’ नावाच्या संगणकभाषेत लिहिलेला होता. ही भाषा पूर्वीच्या एका निदेशकांनी फार दूरदृष्टीने निवडली होती. जी भाषा कोणालाच येत नाही तिच्यात लबाडी कोण करणार, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. जगात एल्बा जाणणारे एकंदर अकरा जण असल्याचे सांगतात, आणि त्यांतले नऊ एकमेकांशी बोलत नाहीत. गोपनीयतेला याहून भक्कम कुलूप कुठे मिळणार?

पण जुने संगणक जाऊन लिनक्सवाले नवे आले आणि घोडे अडले. नव्यांवर एल्बाचा कंपायलर नव्हता. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेले यंत्राला समजेल असे करून सांगणारा. साहेबांच्या मनातले हाताखालच्यांना उलगडून सांगणारा पी.ए. असतो ना, तसा. तो बसवल्याशिवाय एकही बदली छापली जाईना. काम बोडसांवरच सोपवण्यात आले. ज्याला जायचे आहे त्याच्याकडे काम दिले की ते लवकर होते, असा अनुभव आहे. (कोणाचा, ते विचारू नये.)

मदतीला होती कंत्राटावरची इंजिनियर कुमुदिनी. पोरगी नोएडात वाढलेली, हुशार, मराठी घरापुरती. तिने दोन दिवस खटपट केली आणि घाबऱ्या घाबऱ्या येऊन सांगितले, की एल्बाचा कंपायलर एल्बातच लिहिलेला आहे, त्यामुळे तो तयार करायला आधी तो असावा लागतो. ऐकून सगळे हादरतील असे तिला वाटले होते. कोणी मान वर करून पाहिले नाही. सेक्शन ऑफिसर हरीश यांनी तिला मायेने समजावले, की पत्त्याच्या पुराव्याला पासबुक लागते, पासबुकाला पत्त्याचा पुरावा लागतो, तरी देशात लोकांकडे दोन्ही आहेतच ना. उलट एल्बा ही आपल्यातलीच आहे, अशी आपुलकीची भावना त्या दिवसापासून कक्षात पसरली.

शेवटी कुमुदिनीने एका परदेशी विद्यापीठातून तयार कंपायलर शोधून काढला. तो बसवण्याची एक ओळ टाइप केली. यंत्र म्हणाले, आपल्याला अधिकार नाहीत. बोडसांना बरे वाटले. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढे स्वच्छ उत्तर देणारा सहकारी त्यांना प्रथमच भेटत होता. अधिकाराचा पासवर्ड अर्धा प्रशासन अधिकाऱ्यांकडे आणि अर्धा सुरक्षा अधिकाऱ्यांकडे असे. दोघांना एका खोलीत आणले गेले, दोघांनी हाताचा आडोसा करून आपापला अर्धा भाग टाइप केला, आणि पडद्यावर प्रश्न उमटला: पुढे जायचे का? हो असेल तर वाय, नसेल तर एन. नुसते एंटर दाबल्यास ‘हो’ समजण्यात येईल.

“सर, दाबू?” कुमुदिनीने विचारले.

इथेच चुकली. न विचारता दाबले असते तर ती नुसती एक क्रिया झाली असती. विचारले की तो प्रस्ताव होतो, आणि प्रस्ताव झाला की त्याला ‘हो’ म्हणायला कोणीतरी सक्षम असावा लागतो. दोन्ही अधिकाऱ्यांना एकदम मीटिंगची आठवण झाली. ‘पुढे जावे किंवा कसे’ अशी टिप्पणी आदेशार्थ सादर झाली.

फाईल फिरू लागली. वित्त शाखेने विचारले, पुढे जाण्याचा खर्च एकदाच येईल की दरवर्षी? विधी शाखेने ‘पुढे’ या शब्दाची व्याख्या मागवली. हिंदी कक्षाचे म्हणणे, प्रश्न इंग्रजीत आला हे गैरच, निदान उत्तर तरी हिंदीत जावे. प्रत्येक आक्षेप बिनचूक होता. नमनालाच घडाभर तेल गेले, पण तेल शुद्ध होते.

यंत्र मात्र थांबलेले होते. ते बंद करावे तर प्रश्न नष्ट होतो, आणि ज्या प्रश्नावर फाईल चालू आहे तो नष्ट करणे हा गुन्हा. चुकून एंटर दाबले गेले तर ‘हो’! म्हणून कीबोर्डवर कॅन्टीनमधली समोसे झाकायची जाळी उपडी घातली. शेजारी मारुती नावाचा चौकीदार बसवला. यंत्र तापू नये म्हणून एसी अखंड चालू, त्यामुळे ऐन जूनमध्ये, बाहेर लू वाहत असताना, मारुती मफलर गुंडाळून बसे. झाडूवालीला त्या खोलीत मनाई झाली. दुसऱ्या खात्यांतले लोक पाहायला येऊ लागले. एकाने जाताना हातही जोडले.

बोडस रोज सकाळी जाऊन पडद्यासमोर उभे राहत. प्रश्नापुढची ती बारीक रेघ लुकलुकत असे. बिचारी विचारते आहे आणि तिला कोणी उत्तर देत नाही, असे त्यांच्या मनात येई, आणि लगेच आईची आठवण येई, कारण आईही फोनवर रोज एकच प्रश्न विचारत होती.

एका दुपारी मारुती चहाला गेला. खोलीत बोडस एकटेच. त्यांनी जाळी उचलली. बोट एंटरवर टेकले. एवढे दाबले की पुणे. आई, सृष्टी, कुकर, सगळे एका बटणाच्या पलीकडे. कोणाला कळलेही नसते. पण उद्या कोणी विचारले, दाबले कोणी? बोडसांनी बोट काढले, जाळी पुन्हा घातली, ती सरळ बसली आहे ना ते पाहिले. मग त्यांना आपलीच इतकी चीड आली की रडू यायचे तेवढे बाकी राहिले.

अखेर सर्वोच्च पातळीवरून फाईल उतरली. शेरा हिंदीत होता: ‘सिद्धांततः हाँ. तथापि नहीं का विकल्प भी खुला रखा जाए.’

“सर, मी सरळ वाय दाबते,” कुमुदिनी काकुळतीला येऊन म्हणाली. “कोणी नाही बघत. प्लीज.”

“नाही,” बोडस म्हणाले. “जे मंजूर झालंय तेच टाइप कर.”

तिने अख्खा शेरा टाइप केला, पूर्णविरामासकट. एंटर दाबले. वायखेरीज काहीही टाइप केले तरी यंत्र ते ‘नाही’च धरते; ते म्हणाले, रद्द. आणि प्रश्न पडद्यावरून गेला.

प्रकरण निकाली निघाल्याची नोंद झाली. जाळी समोशांवर परत गेली. (रद्द करण्याचा अधिकार यंत्राला कोणी दिला, यावर समिती बसली आहे.) कुमुदिनी गुडगावच्या एका कंपनीत निघून गेली. तिथे म्हणे विचारल्याबरोबर ‘हो’ म्हणतात. पोरीचे कसे होणार, अशी सगळ्यांना काळजी आहे.

प्रश्न पडद्यावरून गेला त्या संध्याकाळी अहिल्याबाईंनी पानात खिचडी वाढली आणि समोर बसल्या.

“एकदाच सांगा. भांडी काढू बाहेर? हो की नाही?”

बोडसांनी खोक्यांकडे पाहिले. सुतळीकडे पाहिले.

“बघू,” ते म्हणाले.

वाचकांनी खुशाल हसावे. हसून झाले की एवढेच आठवावे, की आपल्याला सरळ ‘हो की नाही’ असे शेवटचे कोणी विचारले होते, आणि आपण ‘बघू’ म्हणालो होतो. ते माणूस अजून थांबले आहे.