सातव्या मजल्याची उंची

सासऱ्यांशी तोंडाने भांडायचं नाही, यंत्राने भांडायचं, एवढंच जावयाने ठरवलं. तेही अगदी शांतपणे. (ठरवताना त्याने कप इतका आपटला की कपाचा कान त्याच्या हातात राहिला.)

रागाला कारण होतं. घर सातव्या मजल्यावर. सासरे दोन महिन्यांपूर्वी राहायला आले आणि पहिल्याच दिवशी त्यांना धाप लागली. "उंचीवर हवा विरळ असते," त्यांनी निदान केलं. लिफ्ट होती, पण ती त्यांना नको. लिफ्ट माणसाला एकदम वर नेते, शरीराला सवय करून घ्यायला वेळच देत नाही. म्हणून ते जिन्याने यायचे, दर मजल्यावर पाच मिनिटं मुक्काम ठोकत. दारात पोचले की धापा टाकत म्हणायचे, "बघा! उंची!"

"बाबा, सात मजले चढून घोड्यालाही धाप लागेल!"

"घोडा तळमजल्यावर राहतो, जावईबापू. त्याला अक्कल असते."

"अहो, विमानात लोक आठ हजार फुटांवर असते तितकीच विरळ हवा घेत बसतात. मजेत जेवतात!"

"बसतात ना? चढत नाहीत."

परवा सासऱ्यांनी निर्वाणीचं सांगितलं. महिनाअखेरीपर्यंत तळमजल्यावर घर बघा, नाहीतर मी मुलीला घेऊन चाललो. मुलीने, म्हणजे जावयाच्या बायकोने, लगेच बॅग काढली. तिची चेन नीट लागते का ते बघितलं.

जावयाचा जीव अडकला होता खिडकीत. तो विमानतळावरच्या वर्कशॉपमध्ये आल्टिमीटर दुरुस्त करायचा. आल्टिमीटर म्हणजे वैमानिकाला उंची सांगणारी, घड्याळासारखी तबकडी. त्याच्या खिडकीतून विमानं उतरताना दिसायची. त्यातल्या एखाद्यात आपल्या हातची तबकडी असेल, या विचाराने त्याचा ऊर भरून यायचा. (स्वतः तो एकदाही विमानात बसला नव्हता.) तळमजल्याच्या खिडकीतून दिसल्या असत्या त्या उभ्या केलेल्या स्कूटरी.

म्हणून शनिवारी साहेबांना विचारून त्याने काचेला तडा गेलेला, विमानातून बाद झालेला एक आल्टिमीटर घरी आणला. तळमजल्यावर काटा शून्यावर लावला, वर आणून भिंतीवर टांगला. काटा सत्तर फुटांवर.

"सत्तर! वाचा, बाबा! सत्तर फुटांत कुणाला धाप लागत नसते!"

सासऱ्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सत्तरच. त्यांनी चष्मा काढून खिशात टाकला. बायकोने बॅग माळ्यावर टाकली. जावयाने पोटभर जेवून ताणून दिली.

सकाळी तो सासऱ्यांच्या आरोळीने जागा झाला.

"तीनशे दहा!"

काटा खरोखरच तीनशे दहावर होता. बाहेर आभाळ भरून आलं होतं, वारा घोंगावत होता.

"रात्रीतून घर दोनशे चाळीस फूट वर गेलं, आणि आम्हाला कुणी सांगितलंही नाही!"

"घर कुठेही गेलं नाही! वादळ येतंय म्हणून हवेचा दाब उतरलाय. हे यंत्र दाबच मोजतं. रोज त्या दिवसाचा दाब बघून ही किल्ली फिरवावी लागते."

"मग फिरवली का नाहीत?" बायकोने विचारलं. "वर्कशॉपमध्ये दिवसभर तेच करता ना?"

जावई गोरामोरा झाला.

"दाब उतरला म्हणजे हवा कमी झाली की नाही?" सासरे म्हणाले.

"तशी… थोडी…"

"मग दोन महिने मी दुसरं काय बोंबलतोय?"

जावयाच्या डोक्याची शीर तडतडली. त्याने तबकडी भिंतीवरून ओरबाडली, दुसऱ्या हाताने सासऱ्यांचा दंड धरला आणि त्यांना लिफ्टमध्ये कोंबून खाली नेलं.

"बघा! इथे जमिनीवरसुद्धा दोनशे चाळीस! आता बोला!"

सासऱ्यांनी काटा बघितला, रस्त्याकडे बघितलं, मान हलवली. "सगळं शहरच चढलंय."

तेवढ्यात वीज गेली. लिफ्ट बंद.

"चला, जिन्याने!" जावई गरजला. "न थांबता चढून दाखवतो! उंची म्हणे!" आणि तबकडी छातीशी धरून तो दोन-दोन पायऱ्या एकदम चढत सुटला. दुसऱ्या मजल्यापर्यंत तो सासऱ्यांना ओरडून सुनावत होता. चौथ्यावर नुसतं तोंड हलत होतं. सहाव्यावर त्याने भिंत धरली, पायरीवर बसकण मारली आणि माशासारखा आ वासून राहिला.

बऱ्याच वेळाने सासरे आले. दर मजल्यावर पाच मिनिटं थांबून, अगदी ताजेतवाने. दोन महिन्यांच्या सवयीने आज पहिल्यांदाच त्यांना धाप लागली नव्हती. ते शेजारी बसले आणि उपरण्याने वारा घालू लागले.

"पहिल्या वेळी सगळ्यांचं असंच होतं, जावईबापू. बोलू नका. हवा कमी आहे."

जावयाला ओरडायचं होतं. खरंच हवा कमी पडत होती.

बायको वरून धावत आली. "बाबा, यांना काय झालं?"

"काही नाही गं. मला इथे मानवलंय, मी कुठेही जात नाही. तळमजला-बिळमजला काही नको." जावयाच्या डोळ्यांत पाणी आलं. खिडकी वाचली! "पण यांना उंची सोसत नाही," सासरे पुढे म्हणाले. "यांचं अंथरूण आजपासून स्वयंपाकघरात, खाली जमिनीवर घाल. खिडकीपाशी मी झोपेन."