तीन बाटल्यांचं एकत्रीकरण

बायकोला मदत करावी, असा विचार यादीसाहेबांच्या मनात आला आणि तिथेच सगळं बिघडलं. रविवारची सकाळ होती. तेवीस वर्षांच्या संसारात असा विचार त्यांच्या मनात फारसा आला नव्हता, त्यामुळे तो आल्यावर त्याचं नेमकं काय करायचं असतं, याचा त्यांना काही अनुभव नव्हता.

यादीसाहेब हे त्यांचं नाव नव्हे. पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते आणि हे नाव त्यांना तिथल्या फिटर लोकांनी दिलं होतं. स्टोअरमधला प्रत्येक वॉशर त्यांच्या यादीत होता. प्रत्येक डब्यावर त्यांच्या वळणदार अक्षरातलं लेबल होतं आणि लेबलाखाली लाल शाईत एक ओळ असायची : ‘सहीशिवाय हलवू नये.’ जनरल मॅनेजरनेही एकदा सहीशिवाय स्क्रू उचलला होता, तेव्हा यादीसाहेबांनी तो त्यांच्याकडून परत घेतला होता. (ही गोष्ट ते अजून सांगतात. आता जरा हळू आवाजात सांगतात, पण सांगतात.)

तर या माणसाच्या बायकोने तीन महिन्यांपूर्वी मेकअपच्या क्लासला नाव घातलं. मुलगी शिकायला परगावी गेली होती, घर रिकामं झालं होतं, आणि तिला काहीतरी स्वतःचं करायचं होतं. यादीसाहेबांनी हरकत घेतली नाही. नुसती थट्टा केली, तीही चारचौघांत. मेव्हणे जेवायला आले होते तेव्हा ते म्हणाले, “तोंड रंगवायला क्लास कशाला लागतो? आरसा असला म्हणजे झालं!” सगळे हसले. बायको हसली नाही. तिने पाण्याचा जग उचलला आणि भरायला आत गेली. जग भरलेलाच होता, हे त्यांना त्या वेळी दिसलं होतं. त्याचा अर्थ मात्र ध्यानात यायला तीन महिने लागले.

आज दुपारी दोन वाजता तिची प्रात्यक्षिक परीक्षा होती. पास झाली तर त्याच क्लासमध्ये शनिवारच्या नवशिक्या बॅचला शिकवायचं काम तिला मिळणार होतं. मॉडेल म्हणून तिची धाकटी बहीण बारा वाजता येणार होती. सामान क्लासने दिलेल्या पेटीतलंच वापरायचं, बाहेरचं काही चालणार नाही, असा नियम होता. रात्रभर तिला झोप नव्हती. सकाळी ती इस्त्रीला दिलेला एप्रन आणायला गेली आणि यादीसाहेब घरात एकटे राहिले. समोर पलंगावर ती पेटी उघडी होती.

पेटीची अवस्था पाहून त्यांचा जीव तुटला. एकाच मालाच्या तीन-तीन जेमतेम पाव भरलेल्या बाटल्या! वर ‘फाउंडेशन’ लिहिलेलं, कंपनी एक, आकार एक. खाली नुसते आकडे वेगळे : एकशे वीस, दोनशे वीस, तीनशे तीस.

‘बॅच नंबर,’ यादीसाहेब मनाशी म्हणाले.

आता स्टोअरचा नियम असा, की माल एकच असेल तर अर्धवट डबे एकत्र करायचे, जागा मोकळी करायची आणि रिकामे डबे बाद करायचे. या कामाबद्दल त्यांना कारखान्याने एक ढालही दिली होती. त्यांनी स्वयंपाकघरातून नरसाळं आणलं. दोनशे वीसमध्ये आधी एकशे वीस ओतलं, मग तीनशे तीस. वेगवेगळे रंग एकमेकांत मिसळताना दिसत होते, पण जुनं ग्रीससुद्धा काळपटतंच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. (ग्रीस कुणी गालाला लावत नाही, हा मुद्दा त्यांच्या ध्यानातून निसटला.) मग दोन गोल डब्या दिसल्या, दोन्हींत पांढरट पावडर. एकीवर ‘सेटिंग’ होतं, दुसरीवर ‘हायलायटर’. एकीतली जरा चकाकत होती, पण पावडर ती पावडर. तीही एकत्र केली. बाटली जोरात हलवली, तोंड पुसलं, लेबल लिहून चिकटवलं : ‘फाउंडेशन, एकूण साठा.’ आणि रिकाम्या बाटल्या धुऊन ओळीने खिडकीत वाळत घातल्या.

एवढं करून ते दाराशी उभे राहिले. आता ती येईल आणि खूश होईल, असं त्यांना खरोखर वाटत होतं.

बायको आणि तिची बहीण एकदमच आल्या. बायकोची नजर आधी खिडकीकडे गेली. हातातला एप्रन तिने हळूच खुर्चीवर ठेवला.

“हे काय आहे?”

“जागा केली! तीनची एक झाली बघ. ते बॅच नंबर वेगळे होते, पण माल...”

“बॅच नंबर?”

“खाली आकडे होते ना ते.”

“अहो, ते शेड नंबर आहेत,” बायको म्हणाली. “चेहऱ्याचा रंग असतो ना माणसाच्या, त्याचे नंबर.”

यादीसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. “मग... रंग सगळ्यांचे वेगळे असतात?” त्यांनी विचारलं. पन्नाशीच्या माणसाने विचारावा असा हा प्रश्न नव्हता.

बायकोने बहिणीला खिडकीपाशी बसवलं, नव्या ‘साठ्या’तला थेंब बोटावर घेतला आणि तिच्या जबड्यावर एक रेघ ओढली. बहिणीने हातातल्या आरशात पाहिलं.

“ताई, हे हेल्मेटच्या पट्ट्यासारखं दिसतंय गं.”

मग बायकोने पावडरची डबी उघडली. आतला माल उन्हात चमचम करत होता. तिने डबी बंद केली आणि पलंगाच्या कडेला बसली. यादीसाहेबांना वाटलं, आता ती आरडाओरडा करील. तिने तो केला असता तर बरं झालं असतं. आरडाओरड्याला उत्तर देता येतं.

“तीन महिने,” ती म्हणाली. “मला एकदा विचारलं का नाहीत? एक वाक्य. ‘हे काय असतं गं?’ एवढंच.”

“सरप्राइज द्यायचं होतं...”

“तुमच्या स्टोअरमध्ये मी असं सरप्राइज दिलं असतं तर?”

ती तोंड धुवायला गेली. नळाचं पाणी बराच वेळ वाहत राहिलं. यादीसाहेब पेटीसमोर तोंडात मारल्यासारखे उभे होते. सहीशिवाय हलवू नये. जनरल मॅनेजरला नडणाऱ्या माणसाने बायकोच्या सामानाला मात्र खुशाल हात घातला होता, कारण तिथे सही घ्यावी इतकं ते महत्त्वाचं आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. स्वतःची एवढी लाज त्यांना यापूर्वी कधी वाटली नव्हती.

पेटीच्या खणात एक वही होती. काय-काय नासवलं ते तरी कळावं म्हणून त्यांनी ती उघडली. बायकोच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं :

‘प्रायमर : चेहऱ्याची तयारी. इथे घाई केली की पुढचं सगळं निसटतं.

फाउंडेशन : गोरं करायला नसतं. ज्याचा जो रंग, तोच जुळवायचा. आधी जबड्यावर लावून उजेडात बघणे. बाईंनी दोनदा सांगितलं.

कन्सीलर : डाग असेल तिथेच, थोडं. सगळीकडे थापतो तो नवशिका.

कॉन्टूर म्हणजे सावली, हायलायटर म्हणजे उजेड. दोन्हींची जागा ठरलेली.

सेटिंग पावडर : सर्वांत शेवटी. जे नीट बसलंय ते हलू नये म्हणून.’

समासात पेन्सिलीने एक ओळ होती : ‘प्रत्येकाची जागा, प्रत्येकाचा नंबर. अगदी ह्यांच्या स्टोअरसारखं! ह्यांना सांगायला पाहिजे.’ त्यावर काट मारली होती आणि खाली लिहिलं होतं, ‘नको. हसतील.’

यादीसाहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. आपण हसलो असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

“भावोजी,” मेहुणी त्यांच्या सदऱ्यावरचे शिंतोडे बघत अचानक म्हणाली, “ओतताना तुमच्या तोंडावर काही उडालं का?”

“गालावर उडालं होतं. पुसायचं राहिलं.”

“कुठल्या गालावर?”

“उजव्या. नाही, डाव्या.” त्यांनी चाचपलं. हाताला चिकट लागलं, पण आरशात काही दिसेना. मेहुणीनेही जवळ येऊन पाहिलं.

“ताई! ए ताई, लवकर बाहेर ये!”

बायको ओल्या चेहऱ्यानेच आली. तिने नवऱ्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. तेवीस वर्षांत तिने इतक्या जवळून आणि इतक्या निर्विकारपणे त्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. तीन बाटल्यांचा तो काला जगात कुणालाच जुळणार नव्हता. जुळला होता तो नेमका या एका तोंडाला.

“मॉडेल पुरुष नको, असा काही नियम आहे का गं?” मेहुणीने विचारलं.

“नाही,” बायको विचार करत म्हणाली. “पण मिशी काढावी लागेल.”

ती मिशी लग्नाच्याही आधीची होती. यादीसाहेबांनी मिशीवरून एकदा बोट फिरवलं, एकदा वहीकडे पाहिलं आणि ते न्हाणीघरात गेले.

परीक्षेच्या खोलीत आठ आरसे होते. सात आरशांसमोर सात तरुण मुली बसल्या होत्या आणि आठव्यासमोर गळ्याभोवती गुलाबी कापड गुंडाळलेले यादीसाहेब. क्लासच्या बाई वहीत खुणा करत आल्या आणि थबकल्या.

“मॉडेल कुठे आहे?”

“हेच,” बायको म्हणाली.

बाईंनी चष्मा वर केला, खाली केला. “बरं. सुरू करा.”

बायकोने सुरुवात केली आणि करता करता बाईंच्या प्रश्नांना उत्तरं देऊ लागली. यादीसाहेब डोळे मिटून ऐकत होते. हा आवाज त्यांनी घरात कधी ऐकला नव्हता. त्यात ‘जाऊ दे’ नव्हतं, ‘तुम्हाला काय त्याचं’ नव्हतं.

“फाउंडेशन कोणत्या नंबरचं?”

“नंबर नाही, बाई. तीन शेड एकत्र झाल्या आहेत. म्हणून ज्याला ती जुळते तोच माणूस आणला.”

“कुणी एकत्र केल्या?”

यादीसाहेबांनी श्वास रोखला. बायकोचा ब्रश क्षणभर थांबला.

“घरात झाल्या,” ती म्हणाली.

तिने त्यांना वाचवलं होतं. त्यांना एवढं भरून आलं, की त्यांनी दीर्घ श्वास घेतला. दुर्दैवाने त्याच क्षणी तिने पावडरीची डबी उघडली होती. एक जबरदस्त शिंक आली, डबी उडाली आणि तो चमचमता माल अलगद त्यांच्या टकलावर येऊन बसला. सातही मुली वळून पाहू लागल्या.

“डोक्याचं हायलायटिंग मुद्दाम केलंय का?” बाईंनी विचारलं.

“नाही, बाई. सेटिंगमध्ये हायलायटर मिसळलंय. ते पूर्ण चेहऱ्याला लावलं असतं तर चेहरा असाच दिसला असता. म्हणून फक्त गालाच्या हाडांवर लावणार होते. डोक्यावरचं उदाहरण म्हणून बघावं.”

“हेही घरातच झालं?”

“मीच केलं,” यादीसाहेब डोळे मिटूनच म्हणाले. “दोन्ही मीच केलं. तिला न विचारता. तिचे गुण कापू नका.”

“मॉडेलने बोलू नये,” बाई म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहून पुढे गेल्या.

परीक्षेत बायकोचा दुसरा नंबर आला. नासलेल्या सामानातून वाट काढणारी विद्यार्थिनी मी पहिल्यांदाच पाहिली, असं बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, आणि भिंतीवर लावायला त्यांनी यादीसाहेबांच्या चेहऱ्याचा एक फोटोही काढून घेतला. घरी येताना यादीसाहेब माफी मागायला शब्द जुळवत होते. फाटकाशी आल्यावर त्यांना एवढंच सुचलं :

“कॉन्टूर म्हणजे नेमकं काय असतं गं?”

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग पुढचा पाऊण तास सांगितलं. ते हसले नाहीत. (रात्री मिशीच्या जागी सवयीने हात गेला तेव्हा थोडं रडू आलं, पण ते वेगळं.)

महिन्याभराने तिची शनिवारची बॅच सुरू झाली. पहिल्या दिवशी पेटी उचलायला यादीसाहेब बरोबर गेले. पेटीवर आता बायकोच्या अक्षरात लाल शाईची ओळ होती आणि ते ती वाचूनच हात लावत. भिंतीवर त्यांचा तो फोटो मोठा करून लावला होता. वर लिहिलं होतं, ‘नवशिक्यांसाठी’, आणि चेहऱ्यावर चहूबाजूंनी बाण : प्रायमर इथे, कॉन्टूर इथे, कन्सीलर इथे, इथे आणि इथेही. लेबलं त्यांनीच आपल्या वळणदार अक्षरात करून दिली होती. कुठे लागणार, हे मात्र त्यांनी विचारलं नव्हतं. जुनी खोड.

एक नवी विद्यार्थिनी फोटोसमोर उभी राहून कधी फोटोकडे, कधी त्यांच्याकडे बघत होती.

“काका, हे तुम्ही आहात?”

“हो,” यादीसाहेब जरा ताठ होत म्हणाले.

“वाटत नाही हो. फोटोतले काका चांगले समजूतदार दिसतात.”

“तो मेकअप आहे,” बायको म्हणाली आणि तिने वर्गाला सुरुवात केली.