वत्सला टिटवीची मुलाखत

एका जंगलात, बाळांनो, कुणाचं डोकं ठिकाणावर आहे आणि कुणाचं नाही, हे अस्वलनाना ठरवायचे. नुसतं तोंड बघून. सकाळी मध मिळाला असला तर सगळं जंगल शहाणं. नसला मिळाला, तर समोर येईल तो वेडा. माकडांचं तर अख्खं खानदान वेडं ठरलं होतं, कारण नानांशी त्यांचं भांडण होतं. हसू नका, माणसांतही असे नाना असतात.

शेवटी सिंहमहाराजांनी बाहेरगावी शिकून आलेला बगळा नेमला. हा भारी शिस्तीचा. त्याचे प्रश्न ठरलेले, शब्द ठरलेले, क्रमही ठरलेला. वाघ असो की उंदीर, प्रश्न तोच. उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही'. पहिल्या दोन प्रश्नांना 'नाही' आलं, की पुढचे विचारायचेच नाहीत. प्राणी निरोगी! माकडांनी बगळ्याची मिरवणूक काढली. आणि खरं सांगू का, नानांपेक्षा हे शंभर पटीनं बरं होतं.

अशात वत्सला टिटवीची अंडी गव्यांच्या पायाखाली गेली. त्या दिवसापासून ती ओरडेना, खाईना. नदीकाठच्या गोट्यांना ऊब देत बसून राही. अशानं पोर हातची जाईल, या भीतीनं तिची सासू गोदाक्का तिला बगळ्याकडे घेऊन आली.

आता सून तपासायला नेली की सासू शेजारी बसणारच. गोदाक्काही बसली. सासूला बाहेर बसवा, असं बगळ्याला कुणी शिकवलं नव्हतं. मग तो कशाला उठवतोय?

"गेल्या पंधरवड्यात बहुतेक दिवस मन उदास होतं का?" बगळ्यानं विचारलं.

वत्सलानं सासूकडे पाहिलं. तुम्हीच सांगा, सासूदेखत कुठली सून 'हो' म्हणेल?

"नाही," ती म्हणाली.

"पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी आता नकोशा वाटतात का?"

"नाही. कुठे काय."

'कुठे काय'ला बगळ्याकडे जागा नव्हती, म्हणून त्यानं ते सोडून दिलं. दोनदा 'नाही', म्हणजे निरोगी. गोदाक्काचा जीव भांड्यात पडला. ती बाहेर जाऊन दिसेल त्याला ही बातमी सांगत सुटली.

वत्सला उठली, पण तिचे पाय लटपटत होते. बगळा काही दगड नव्हता हो. त्याच्या तोंडून निघून गेलं, "काही खाल्लंस का गं?"

झालं! वत्सला मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली. अंडी कशी फुटली, ती गव्यांच्या अंगावर कशी धावून गेली, तिचं ओरडणं कुणीच कसं ऐकलं नाही, सगळं सगळं बोलली. आता सकाळ झाली की नको वाटतं, म्हणाली. ऐकता ऐकता बगळ्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. पण शिकलेला होता ना बिचारा.

"हे आधी सांगायचं होतंस," तो डोळे पुसत म्हणाला. "मुलाखत संपल्यावरचं उत्तर धरता येत नाही. आणि खाल्लंस का, हा तर आमच्यातला प्रश्नच नाही."

मग आता पुन्हा विचारा, असं ती हळूच म्हणाली.

"आता सहा महिन्यांनी," बगळा म्हणाला. "तोवर तू निरोगी आहेस."

वत्सला 'बरं' म्हणाली आणि सासूच्या मागोमाग चालू लागली. जंगलात निरोगी प्राणी वाढले म्हणून महाराजांनी बगळ्याला शाल दिली. ती त्यानं घेतली, पण त्या दिवशी त्याला मासा काही गोड लागला नाही.

तात्पर्य : दुःख करायचं तर विचारतील तेव्हा आणि विचारतील तेवढंच करावं. त्याहून जास्तीचं जे उरतं, त्याला तब्येत चांगली असणं म्हणतात.