शिंप्याचा दहावा दिवस

"सर, तुम्ही स्वतः कधी कापड कापलंय का?"

हा प्रश्न विचारायची पैज मैत्रिणींनी मधल्या सुट्टीत लावली होती. सतत बडबडते म्हणून जिला सगळे टकळी म्हणत, तिने तो भर वर्गात, उभं राहून, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात विचारला. पैज लावणाऱ्या तिघींनी लगेच वह्यांत डोकी खुपसली.

गणिताचे सर फळ्याकडून वळले. "काय म्हणालीस?"

"चौदावा प्रश्न, सर. शिंप्याकडे दहा मीटर कापड आहे, रोज एक मीटरचा तुकडा कापतो, काम किती दिवसांत संपेल? मी दहा लिहिलं. तुम्ही काट मारलीत."

"कारण उत्तर नऊ आहे. नवव्या दिवशी कात्री चालली की दहावा तुकडा आपोआप सुटतो. गंमतच ती आहे कोड्याची!"

"माझी आई शिवणकाम करते, सर. कापडाच्या टोकाला गिरणीचा शिक्का असतो. तेवढी पट्टी कापल्याशिवाय ती शेवटचा तुकडा कुणाला देत नाही. म्हणजे दहाव्या दिवशीही कात्री लागतेच."

"कोड्यात शिक्का नव्हता!"

"शिंपी तर होता ना, सर?"

वर्ग खो खो हसला. टकळी मात्र हसली नाही. सर घेऊन जाणार होते त्या कोडी-स्पर्धेच्या संघात जायला वीसपैकी एकोणीस हवे होते आणि तिला अठरा होते. त्या एका गुणापायी ती चार दिवस नीट जेवली नव्हती. निदान तिचं तरी असं म्हणणं होतं.

"ठीक आहे," सर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "करूनच बघू."

सभागृहाच्या पडद्यासाठी दहा मीटर निळं कापड सकाळीच आलं होतं. ते वर्गात आलं. सर खडूने खुणा करायला लागले.

"खुणांनी काय होतंय, सर? शिंपी कात्री चालवतो."

हे तिने इतक्या गंभीरपणे सांगितलं, की सरांनी हस्तकलेच्या कपाटातली कात्री उचलली. मग काय! वर्ग एका सुरात मोजतोय आणि सर कचाकच कापतायत. नवव्या कापाला त्यांनी दोन्ही हात वर केले. "बघ! दहा तुकडे! नऊच दिवस!"

टकळीने शेवटच्या तुकड्याला मीटरपट्टी लावली. एक मीटर आणि वर चार बोटं. आणि त्या चार बोटांवर, जांभळ्या शाईत, गोल गरगरीत शिक्का.

"दहावा दिवस," ती म्हणाली.

सरांनी शिक्का बोटाने घासून बघितला. पण माणूस सच्चा. त्यांनी तिचा पेपर मागून घेतला आणि अठराचे एकोणीस केले. बाकं बडवली गेली. आणि नेमक्या त्याच वेळी मुख्याध्यापिका दारात!

"कसला जल्लोष चाललाय? आणि पडद्याचं कापड कुठाय?"

ते दहा बाकांवर होतं.

निकाल अर्ध्या मिनिटात लागला. "ज्यांनी कापलं, त्यांनी जोडायचं. पडदा टांगल्याशिवाय स्पर्धेला कुणी जाणार नाही. ना ही, ना तुम्ही!"

मधे दिवस होते बरोबर नऊ. दहाव्या दिवशी स्पर्धा.

घरी आईने सगळी हकिकत ओठांत टाचण्या धरून ऐकली. बस चालवून नुकतेच आलेले बाबा एक बूट हातात धरून ऐकत होते.

"जाड कापड, दुहेरी शिवण, आणि तू शिकाऊ," आईने टाचण्या काढल्या. "गिऱ्हाइकांचं काम संपलं की संध्याकाळी मशीन घे. एका बैठकीत एक शिवण सरळ आली तरी खूप झालं."

"दहा तुकडे, म्हणजे शिवणी नऊ!" टकळीने उडीच मारली. "नऊ दिवस! जमलं!"

"आणि कडा कोण दुमडणार? दोरे लोंबणारा पडदा माझ्या घरातून बाहेर जायचा नाही. दहा दिवस धर."

"पण आई, कडांचं कुणी काही बोललंच नव्ह—"

"शिंपी तर आहे ना?" बाबा म्हणाले, आणि हसून हसून त्यांच्या हातातला बूट खाली पडला.

टकळीने त्यांच्याकडे बघितलं, मग निळ्या ढिगाकडे. जिंकलेलं उत्तर आता तिच्याच मानगुटीवर बसलं होतं. बरं, तो कोड्यातला शिंपी एक मीटर कापून झाल्यावर उरलेला दिवसभर करायचा काय? झोपा काढायचा?

ती ताडकन उठली आणि मशीनवरचं आच्छादन ओढून काढलं.

"आई, बाबा, मी ठरवलंय. उत्तर दहाच, त्यात बदल नाही. पण दिवसाला एकच बैठक, असं कुठे लिहिलंय? उद्यापासून सकाळी साडेपाचला एक, संध्याकाळी एक. पाच दिवसांत पडदा टांगते की नाही बघा! आणि बाबा, फोन द्या जरा. येताना स्वतःची सुई घेऊन या, म्हणून सरांना सांगायचंय."