चुळबुळ्यांचा पॉइंट

मागच्या खोलीत मोबाइलचं नेट अगदीच येत नव्हतं असं नाही. यायचं, डोकावायचं आणि निघून जायचं. त्यामुळे गेला महिनाभर कंपनीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये चुळबुळे पडद्यावर गोठत होते. एकदा तर ते ऐन जांभईत गोठले आणि मोठ्या मॅडमना सबंध विक्रीचा आढावा त्या उघड्या तोंडाकडे बघत घ्यावा लागला.

चुळबुळे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते ऑफिसातल्यांनी ठेवलेलं नाव होतं आणि घरच्यांनी ते बिनविरोध मंजूर केलं होतं. हा माणूस एका जागी बसेल तर शपथ! खुर्चीत बसला की खुर्ची सरकवणार, खुर्ची सरकवली की टेबल सरकवणार, आणि टेबल सरकलं की आता खिडकी चुकीच्या जागी आहे म्हणून हळहळणार. पंप बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात ते होते. दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकून घ्यायची, हे काम मात्र त्यांना छान जमायचं.

"सोमवारी व्यापाऱ्यांबरोबर मीटिंग आहे," मॅडमनी फोनवर बजावलं. "सगळे भडकलेत. त्यात तुम्ही पुन्हा गोठलात, तर बॅग भरायची आणि इकडे यायचं. घरून काम बंद."

इकडे म्हणजे कंपनीच्या गावी. तिथे भाड्याच्या एका खोलीत चुळबुळ्यांनी काही वर्षं काढली होती. भिंतीकडे बघत जेवायचं, भिंतीकडे बघत झोपायचं. मुलगी तर फोनवर बोलता बोलताच मोठी झाली. सुट्टीला घरी आले की तिसऱ्या दिवशी निघायची तयारी. त्यांना तिथे परत जायचं नव्हतं. एरवी घटकेला बदलणारं त्यांचं मन या एका गोष्टीवर ठाम होतं.

त्यांनी लगोलग वायरमनला बोलावलं. त्यानं भिंतीवर टकटक केलं आणि मान हलवली. "भिंती जाड आहेत. वाय-फायच्या भरवशावर राहू नका. खोल्याखोल्यांत वायर नेऊ. राउटर हॉलमध्ये मधोमध लावू."

"हॉलमध्ये नाही," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "आल्यागेल्याच्या डोळ्यांत ते दिवे लुकलुकायला नकोत."

"माझ्या खोलीतही नको," अण्णा म्हणाले. अण्णा म्हणजे चुळबुळ्यांचे वडील. "त्यानं डोक्यात मुंग्या येतात."

"अण्णा, अजून लावलाच नाहीये तो!"

"नुसत्या विचारानं येतायत. लावल्यावर काय होईल बघ!"

"माझ्या खोलीत ठेवा ना," मुलगी आशेनं म्हणाली.

"नको!" हे मात्र तिघं एका सुरात म्हणाले.

शेवटी राउटर गेला बोळातल्या माळ्यावर, पत्र्याच्या डब्यांच्या मागे. वायरमन म्हणाला, "तिथून वाय-फाय बाहेर पडणार नाही. पण वायरीला काही फरक पडत नाही." वायर भिंतीवरून पट्टीतून न्यायला बायकोचा सक्त विरोध होता, म्हणून भिंती फोडून आतून न्यायची ठरली. वायरमनच्या मागोमाग पेंटरनं खाचा बुजवायच्या, असंही ठरलं.

शनिवारी सकाळी वायरमननं खडूचा तुकडा पुढे केला. "जिथे वायरीचा पॉइंट हवा तिथे फुली मारून ठेवा. मी केबल घेऊन येतो. फुली दिसेल तिथे पॉइंट, नाही तिथे नाही. मग मला विचारत बसू नका."

मुलीनं पलंगाच्या उशाशी फुली मारली. बायकोनं ओट्याशेजारी मारली. अण्णांनी गॅलरीतल्या आरामखुर्चीजवळ मारली.

"अण्णा, तुमच्याकडे कॉम्प्युटर कुठाय?"

"घरात सगळ्यांना एकेक मिळतोय ना? मग मला का नाही?"

चुळबुळ्यांनी मागच्या खोलीत टेबलाच्या डावीकडे फुली मारली. मग वाटलं, उजेड उजवीकडून येतो. फुली पुसली, उजवीकडे मारली. मग टेबल सरकवलं, तेव्हा फुली कपाटाआड गेली. कपाट सरकवलं, तेव्हा दार उघडेना. तासाभरात त्या भिंतीवर इतक्या फुल्या झाल्या की चुळबुळ्यांनाच कळेना, खरी कुठली. त्यांनी ओला फडका घेतला, भिंत लख्ख पुसली आणि शांत डोक्यानं पुन्हा मोजमाप सुरू करायचं ठरवलं. तेवढ्यात एका व्यापाऱ्याचा फोन आला. त्याचा पंप पाणी सोडून सगळं काही वर खेचत होता. चुळबुळे फोन कानाला लावून अंगणात गेले आणि तिथेच फेऱ्या मारत राहिले. तक्रार लांबली. आत ड्रिलचा आवाज येत होता, म्हणजे काम चालू आहे याचं त्यांना समाधानच वाटत होतं.

परत येऊन बघतात तो मागच्या खोलीची भिंत जशीच्या तशी. एक ओरखडा नाही!

"अहो, माझा पॉइंट?"

"खूण नव्हती," वायरमन हत्यारं पिशवीत भरत म्हणाला. "खूण नाही तिथे मी हात लावत नाही. मागे एकदा अंदाजानं भोक पाडलं होतं. पाण्याची नळी फुटली, वर मलाच पुसायला लावलं."

"मग आता पाडा ना!"

"केबल संपली. पुढच्या आठवड्यात बघू." लॅपटॉपला जोडायची हातभर लांबीची एक तयार वायर चुळबुळ्यांच्या हातात ठेवून तो गेलासुद्धा.

लांब वायर आणून घरभर टाकावी म्हटलं, तर बायकोनं आधीच सांगून ठेवलं, "ओल्या पुट्टीला वायर घासली, तर बघा!" रविवारभर चुळबुळे लॅपटॉप कडेवर घेऊन जागा मागत फिरले. मोबाइलवरून बघावं तर तो घरात शिरताच मान टाकत होता. मुलीचा सोमवारी त्याच वेळी ऑनलाइन क्लास होता. ओट्याशेजारी मिक्सर आणि कुकर. राहता राहिली गॅलरी.

"अण्णा, उद्या तासभर तुमचा पॉइंट द्या."

"तो माझा आहे."

"पण रिकामाच आहे ना!"

"रिकामा असला म्हणून काय झालं? समोरचा रस्ता खणतायत, कानठळ्या बसतायत. तुझे व्यापारी आधीच बहिरे व्हायचे."

हताश होऊन चुळबुळे बोळातून येत होते, तेव्हा दाराशी, चपलांच्या कपाटाच्या वर, त्यांना एक नवाकोरा पॉइंट दिसला.

"हा कुणी बसवून घेतला?"

"अय्या!" बायको म्हणाली. "ती फुली मी किल्ल्यांच्या खिळ्यासाठी मारली होती!"

सोमवारी चुळबुळे इस्त्रीचा शर्ट घालून बुटक्या स्टुलावर बसले. लॅपटॉप चपलांच्या कपाटावर. डोक्यावर बरोब्बर घंटी. वायर हातभरच असल्यामुळे हलायची सोय नव्हती. पडद्यावर मॅडम आल्या, व्यापारी आले आणि पहिल्याच व्यापाऱ्यानं तोफ डागली. तो श्वास घ्यायला थांबला, तेवढ्यात घंटी वाजली.

शेजारच्या काकू. "शिडी देता का?" काकूंनी पडद्याकडे बघितलं, पदर सारखा केला आणि व्यापाऱ्यांना नमस्कार केला. व्यापाऱ्यांनीही गोंधळून केला. मग पेंटर बादली घेऊन आत गेला, बादली घेऊन बाहेर गेला. मग कुणाचं तरी पार्सल आलं. मॅडम सगळं बघत होत्या.

एवढ्यात अण्णा आले, कॅमेऱ्यासमोर वाकले आणि डावी चप्पल शोधू लागले. व्यापारी पुन्हा कडाडला. अण्णांनी मान वर केली.

"केवढ्यानं ओरडतोय हा! अरे, त्याला आधी पाणी प्यायला सांग."

मग तो व्यापारी खरोखरच पाणी प्यायला आणि हसत सुटला. "आजोबा, चप्पल तुमच्या मागेच आहे," तो म्हणाला. "मला इथून दिसतेय."

पुढची मीटिंग लोण्यासारखी गेली. सगळे गेल्यावर मॅडम तेवढ्या राहिल्या. चुळबुळ्यांनी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली.

"आज तुम्ही एकदाही गोठला नाहीत," मॅडम म्हणाल्या. "आणि विशेष म्हणजे, एकदाही जागेवरून हलला नाहीत. राहा घरीच. पण जागा बदलायची नाही. यापुढे रोज तिथूनच."

चुळबुळ्यांना आनंदानं उडी मारावीशी वाटली, पण वायर हातभरच होती.

त्या दिवसापासून घंटी वाजली की घरातलं कुणी उठेना. "अहो, बघा ना, तुम्ही तिथेच आहात!" पार्सलं चुळबुळे घ्यायचे, शिडी चुळबुळे द्यायचे, अण्णांची चप्पल चुळबुळे शोधायचे. मुलगी बाहेरून आली की पाठीवरची बॅग त्यांच्या मांडीवर टाकायची आणि बूट काढता काढता, पाय हवेत असतानाच, दिवसभराचं सगळं सांगून मोकळी व्हायची. मैत्रिणीशी भांडण, परीक्षेची भीती, सगळं. फोनवर तिनं एवढं कधी सांगितलं नव्हतं. ते ऐकताना चुळबुळे उगाच चपला नीट लावत बसायचे.

पुढच्या आठवड्यात पुन्हा घंटी वाजली. बाहेर वायरमन होता, खांद्यावर नव्या केबलचं भेंडोळं.

"चला, मागच्या खोलीत तुमचा पॉइंट काढून टाकू," तो म्हणाला.

चुळबुळ्यांनी घड्याळाकडे बघितलं. मुलगी यायची वेळ झाली होती.

"आज नको," ते म्हणाले. "आज मी ड्यूटीवर आहे. आणि अहो, चपला तिथे नाही काढायच्या, त्या बाजूला."