सुरक्षित उजेड

आमच्या इमारतीच्या सुरक्षा समितीने सर्वानुमते ठरवले, की घरोघरचे जुने दिवे काढून छतात कमी व्होल्टचे डाउनलाइट बसवावेत. ठराव योग्यच होता. आमच्या दिवाणखान्यातल्या लोंबत्या दिव्याची वायर इतकी झिजली होती, की आतली तांब्याची तार डोकावत होती. त्याच दिव्याखाली बाबा पेपर वाचत. त्यांची नजर अधू, हाडे ठिसूळ. "आता एकदा जरी पडले, तर पुन्हा उभे राहणार नाहीत," असे डॉक्टरांनी बजावले होते.

समितीच्या वायरमनने सगळे शास्त्रशुद्ध केले. मेन बंद केला, जुने दिवे उतरवले, छताला भोके पाडली, ट्रान्सफॉर्मर छतातल्या लाकडापासून हातभर लांब ठेवला. मग प्रत्येक बटणावर समितीची चिकटपट्टी लावली.

"हे काय?" मी विचारले.

"तपासणी होईपर्यंत दिवा लावायचा नाही."

"आणि तपासणीत काय बघतात?"

"दिवा नीट लागतो का ते."

तोवर जुना दिवा लावू द्या म्हटले, तर तो असुरक्षित म्हणून आधीच तोडून टाकला होता. मेणबत्तीला मनाई, कारण उघडी ज्योत. टॉर्चबद्दल अध्यक्षांना विचारले. ते म्हणाले, "तात्पुरत्या प्रकाशयोजनेसाठी आधी कायमची प्रकाशयोजना मंजूर असावी लागते." बायको म्हणाली, "अहो, चिकटपट्टीच आहे. ओढा की!" पण मी नियम पाळणारा माणूस. शिवाय शेजाऱ्यांच्या बटणांवरही पट्ट्या होत्या, आणि त्यांच्यासमोर नाक कापून घ्यायची माझी तयारी नव्हती.

संध्याकाळ झाली की बाबा भिंत चाचपत चालू लागत. "अरे, मला वाचायला नको, पण निदान संडास तरी दिसू दे," ते म्हणत. मी त्यांना सुरक्षेचे महत्त्व समजावून सांगत असे. आज लाज वाटते, पण तेव्हा मला माझेच बोलणे पटत होते.

अखेर तपासनीस आले, ते भर दुपारी. खोली उन्हाने भरलेली. ते नाराज झाले.

"एवढ्या उजेडात दिव्याची गुणवत्ता कशी कळणार? अंधार झाल्यावर तपासायला हवं."

"मग संध्याकाळी या ना."

"अंधारात काम करायला आम्हाला बंदी आहे. सुरक्षेच्या दृष्टीने."

तोडगा त्यांनीच काढला. पडदे ओढले, खिडक्यांना चादरी लावल्या, दाराखालच्या फटीत फडके कोंबले. दिवाणखान्यात डोळ्यात बोट घातले तरी दिसेना. आता बटण कोण दाबणार? तपासनिसांना फक्त बघण्याचा अधिकार, मला तोही नाही. वायरमन शिडी मधोमध सोडून खाली पान खायला गेलेला. आम्ही काळोखात त्याची वाट बघत उभे राहिलो.

"कोण आलंय रे?" असे विचारत बाबा आतून निघाले.

"बाबा, थांबा!" मी ओरडलो. शिडी कोसळली. पाठोपाठ बाबा.

त्याच क्षणी वायरमनने येऊन बटण दाबले. उजेडाचा देखणा गोल झोत नेमका बाबांवर पडला. ते कंबर धरून विव्हळत होते. तपासनीस मान वर करून छताकडे बघत म्हणाले, "वा! लुकलुकत नाही, गरम होत नाही. उत्तम."

समितीने चौकशी केली. अपघात विजेमुळे झालेला नसल्याने कामात दोष आढळला नाही. उलट त्या वेळी सगळे दिवे बंद होते, म्हणजे सावधगिरी पूर्ण होती, अशी नोंद झाली. आमच्या दारावर 'सुरक्षित घर' अशी पाटी लागली. बाबा पुन्हा उभे राहिले नाहीत.

लोक भेटायला येतात. तुम्हीही या. दारातूनच वर बघाल, "काय सुरेख उजेड आहे!" म्हणाल, किती वॅटचे, कुठून घेतले, वायरमन कोण, सगळे बारकाईने विचाराल. त्याचा नंबरही लिहून घ्याल. आणि बाबा कसे आहेत ते विचाराल निघताना, पायात बूट चढवता चढवता.